शाळेसमोरचा रस्ता: नागपुरातल्या पालकांचे आणि शेजाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

हे प्रश्न आमच्या लेआउटच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर, पालकसभेत आणि सगळ्यात जास्त म्हणजे शाळा सुटायची वाट पाहत कडुनिंबाखाली उभं असताना विचारले गेलेले आहेत. आमचा भाग दक्षिण-पश्चिम नागपुरातला, रिंग रोडपासून चालत दहा मिनिटांवर. पाच-सहा पालक आणि दोन निवृत्त शेजारी असे आम्ही चार वर्षांपासून या एका रस्त्याच्या मागे लागलोय. काही जमलं, काही सपशेल फसलं. दोन्ही इथे आहे.

शाळेसमोर रोज जाम लागतो. आधी त्याचाच बंदोबस्त नको का?

नको असं नाही, पण क्रम चुकतो. कोंडी दिसते, ऐकू येते, डोकं फिरवते, म्हणून तक्रार तिचीच होते. पण सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी फाटकासमोर गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या असतात तेव्हा कोणी ताशी पाचच्या वर जाऊच शकत नाही. त्या गर्दीत आरसे तुटतात, शिव्या निघतात, एखाद्याच्या चपलेवरून चाक जातं. खरी भीती सव्वासातला सुरू होते. जाम सुटतो, रस्ता मोकळा दिसतो, ऑफिसला उशीर झालेला बाप गाडी पिळतो आणि त्याच वेळी शाळेला उशीर झालेलं पोरगं पलीकडून धावत सुटतं.

आमच्याकडे दोनदा पोरं गाडीखाली येता येता वाचली. दोन्ही वेळा फाटकासमोर नाही, शंभरेक मीटर पुढे, जिथे आमची गल्ली मोठ्या रस्त्याला लागते तिथे. तेव्हापासून आमचा एक नियम आहे: कोंडीची तक्रार आणि वेगाची तक्रार एका अर्जात कालवायची नाही. कालवली की साहेबांना सोपा उपाय सुचतो, रस्ता रुंद करू. फुटपाथ तासला जातो, कोंडी महिनाभर कमी होते आणि दुपारी रिकाम्या रस्त्यावरून गाड्या आधीपेक्षा जोरात जातात.

धोका नेमका कुठे आहे हे आम्ही कसं शोधायचं? आम्ही काही इंजिनिअर नाही.

इंजिनिअर लागत नाही. खडू, मोजायची टेप, मोबाइलचं स्टॉपवॉच आणि तीन सकाळी लागतात.

विजेच्या खांबाशी रस्त्याच्या कडेला एक रेघ मारा. तिथून मोजून ५० मीटरवर दुसरी. गाडीचं पुढचं चाक पहिल्या रेघेवर आलं की घड्याळ सुरू, दुसरीवर बंद. जे सेकंद आले त्यांनी १८० ला भागा, ताशी वेग मिळतो. सहा सेकंद म्हणजे ३०, साडेचार म्हणजे ४०, तीन सेकंदांत गेला तो ६० वर होता. एकाने वेळ घ्यायची, दुसऱ्याने लिहायची, आणि बसायचं थोडं आडोशाला, कारण हातात वही दिसली की लोक आपोआप सज्जन होतात. आमच्यातल्या एका काकूंना दोघांनी टॅक्सवाल्या समजून गाडी वळवून नेली.

दुसरं काम जास्त महत्त्वाचं. पहिलीतलं पोर उंचीला साधारण पावणेचार फूट असतं. फाटकाबाहेर त्या उंचीला उकिडवे बसा आणि रस्ता पाहा. मी बसलो तेव्हा मला दिसलं एका मोठ्या गाडीचं बोनेट, एका बाइकचा सायलेन्सर आणि मधल्या फटीतून विजेच्या डीपीचा गंजका पत्रा. येणारी गाडी दिसलीच नाही. म्हणजे येणाऱ्या गाडीवाल्यालाही माझं डोकं दिसलं नसणार. त्या दिवसापासून फाटकाच्या दोन्ही बाजूंना काही मीटर एकही गाडी उभी राहू नये, ही आमची पहिली मागणी झाली. त्याआधी आम्ही सिग्नल मागत होतो!

जिथे थोडक्यात निभावलं अशा घटनाही तारीख-वेळ टाकून लिहून ठेवा. २०२१ मध्ये नागपुरात आयरास्ते नावाचा प्रकल्प सुरू झाला. त्यात मनपाच्या बसगाड्यांवर कॅमेरे लावून, अपघात व्हायच्या आधीच जिथे सारखं थोडक्यात निभावतं अशा जागा शोधण्याचं काम हाती घेतलं गेलं. अशा जागांना ग्रे स्पॉट म्हणतात. तुमची वही म्हणजे तेच, फुकटातलं.

ताशी ३० चाच हट्ट का? नागपूरचे रस्ते सरळ, मोठे आहेत.

म्हणूनच. सिमेंट रोड झाल्यापासून गाडी ५० वर कधी गेली ते हाताला कळतसुद्धा नाही.

५० च्या वेगात गाडी सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते, ३० च्या वेगात आठच्या थोडी वर. पोर दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. कोरड्या रस्त्यावर ३० वरची गाडी १३-१४ मीटरमध्ये पूर्ण थांबते. ५० वरच्या गाडीला २८ मीटर लागतात. आता दोन्ही गाड्या शेजारी धरा. जिथे पहिली उभी राहून चालक घाम पुसतोय, तिथे दुसऱ्याचा पाय नुकता ब्रेकवर टेकलाय आणि गाडी अजून पन्नासवरच आहे. मधे जे कोणी असेल त्याला ती पन्नासनेच लागणार.

फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात, जिथे पायी चालणारे आणि गाड्या एकत्र येतात तिथे ३० चीच मर्यादा सांगितली आहे. आपल्या देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. दर पाचातला जवळजवळ एक.

मग स्पीड ब्रेकर मागायचा?

मागा, पण स्वतः बांधू नका. हे आम्ही अनुभवातून सांगतोय.

पहिल्या वर्षी आमच्यातल्याच काही उत्साही मंडळींनी वर्गणी काढून रात्री दोन गोण्या सिमेंट आणून टाकलं. दीड फूट रुंद, वीतभर उंच, ना पट्टे, ना फलक. तिसऱ्या दिवशी डबा घेऊन जाणारी एक बाई गाडीवरून मागच्या मागे पडली. मनगट मोडलं. आम्हीच दवाखान्यात नेलं आणि आम्हीच रविवारी सब्बल घेऊन तो ब्रेकर फोडला. मागून गाडी येत नव्हती म्हणून, नाहीतर हे लिहायला तोंड राहिलं नसतं.

इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, वरून गोलाकार. गाडी २५ च्या वेगाने त्यावरून आरामात जाते, जास्त वेगाने गेली तर चालकाला कळतं. ४० मीटर आधी फलक हवा, वर पट्टे हवेत. आमच्या शहरात ‘ब्रेकर’ म्हणून जे दिसतं त्यातलं बरंचसं या मापाच्या जवळपासही नाही, कंबरदुखीवाल्यांना विचारा.

फाटकासमोर त्याहून बरा उपाय म्हणजे उंचावलेलं क्रॉसिंग. फुटपाथच्या उंचीचा सपाट, रुंद ओटा रस्त्यावर आडवा येतो आणि झेब्राचे पट्टे त्याच्यावर असतात. गाडी चढून उतरते, पोर सपाटीवरून चालतं. अर्जात हाच शब्द वापरा आणि सोबत हाताने काढलेलं चित्र जोडा. आम्ही जोडलं होतं, कनिष्ठ अभियंत्यांनी तेच पुढे पाठवलं.

अर्ज कोणाकडे करायचा? मनपा म्हणते नासुप्रकडे (नागपूर सुधार प्रन्यास) जा, नासुप्र म्हणते पीडब्ल्यूडीकडे.

नागपूरकराचं निम्मं आयुष्य या त्रिकोणात जातं. आधी रस्ता कोणाचा ते काढा. लेआउटच्या आतले रस्ते बहुतेक मनपाचे. गुंठेवारीतल्या जुन्या लेआउटमध्ये नागपूर सुधार प्रन्यासचा संबंध येतो. काही मोठे रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाचे, आणि वर्धा रोडसारख्या महामार्गाच्या भागात राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण. तिथे डबल डेकर पूल वरून दिसायला देखणा आहे, खालून शाळेची पोरं रस्ता ओलांडतात तो प्रश्न वेगळा.

मनपाचे दहा झोन आहेत, तुमचा झोन घरटॅक्सच्या पावतीवर सापडतो. पट्टे, फुटपाथ, गतिरोधक, खड्डे आणि उघडं चेंबर यासाठी झोन कार्यालय. नो पार्किंग, एकेरी वाहतूक आणि जड वाहनांना बंदी यासाठी वाहतूक पोलीस. फुटपाथवरची डीपी महावितरणची. फलक झाकणारी फांदी मनपाच्या उद्यान विभागाची. हे काम सगळ्यात लवकर होतं, त्यामुळे सुरुवात त्याने करा, मंडळींचा हुरूप टिकतो. शाळेची बस किंवा व्हॅन असेल तर आरटीओ. एमएच-३१ शहर, एमएच-४९ पूर्व आणि एमएच-४० ग्रामीण, हे लक्षात ठेवलं की एक फेरी वाचते.

सगळ्या अर्जांची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला. तिथे हे सगळे विभाग एका टेबलाशी बसतात.

अर्जात काय लिहायचं?

“शाळेसमोर वाहतुकीची गंभीर समस्या असून योग्य ती कार्यवाही व्हावी.” या वाक्यावर फाइल गाढ झोपते. योग्य ती म्हणजे कोणती, हे ठरवायची जबाबदारी तुम्ही साहेबांवर टाकलीत.

आमचा जो अर्ज चालला तो असा होता: “शाळेच्या मुख्य फाटकाच्या उजवीकडे मोजून ९५ मीटरवर, मेडिकल स्टोअरसमोर, विद्यार्थी रस्ता ओलांडतात. तिथे झेब्रा क्रॉसिंग नाही. सोबत तीन दिवसांच्या वेगाच्या नोंदी, नकाशा व फोटो जोडले आहेत. या जागी झेब्रा क्रॉसिंग, दोन्ही बाजूंना ‘पुढे शाळा’ फलक आणि फाटकाच्या दोन्ही बाजूंना नो पार्किंग करावे.” एक पान. खाली शाळेच्या मुख्याध्यापकांची सही आणि शिक्का. पावती घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही. दोनशे सह्यांपेक्षा त्या एका शिक्क्याचं वजन जास्त पडलं, का ते माहीत नाही, पण पडलं.

उत्तरच आलं नाही तर?

महिनाभर थांबून माहितीचा अधिकार. फी १० रुपये, महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा, उत्तर ३० दिवसांत. “अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या माझ्या अर्जावर केलेल्या कार्यवाहीची व टिप्पणीची प्रत द्यावी” एवढंच मागा. “का केलं नाही” असं विचारू नका. कागद मिळतात, कारणं मिळत नाहीत. तरी शांतता असेल तर २० रुपयांचं पहिलं अपील.

गंमत अशी की आमच्या तीन अर्जांपैकी दोन वेळा माहिती यायच्या आधी पट्टे आले.

कायद्याचा आधार हवा असेल तर दोन गोष्टी लिहा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८ अ प्रमाणे, रस्ता ठरलेल्या मानकांनुसार न बांधल्यामुळे किंवा न राखल्यामुळे कोणी दगावलं वा जायबंदी झालं तर संबंधित यंत्रणेला किंवा ठेकेदाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोगा फुटपाथ हा राज्यघटनेच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं आहे.

फुटपाथ आहे, पण त्यावरून चालता येत नाही.

आमच्या फुटपाथवरून एकदा चला. फाटकापासून निघालात की पहिली बारा पावलं गट्टू सपाट. मग कोणाच्या तरी गाडीचा रॅम्प, मग पानठेला, मग डीपी. डीपीला वळसा घालायला रस्त्यावर उतरावं लागतं, आणि उतरायची पायरी एवढी उंच की पाठीवर दप्तर असलेलं पोर बसून उतरतं. सिमेंट रोड वर चढला, फुटपाथ कुठे खाली राहिला, कुठे त्याहून वर गेला. पावसाळ्यात तर त्या डीपीजवळ जायची माझी हिंमत होत नाही, पोरांना काय सांगू.

मापाने बोलायचं तर मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी आणि कडेची उंची १५ सेंटिमीटरच्या वर नको. दीडफुटी पट्टा सोडून “फुटपाथ आहे” असं उत्तर आलं तर हे दोन आकडे परत पाठवा.

पानठेल्याबद्दल: शिक्षणसंस्थेपासून १०० यार्ड, म्हणजे सुमारे ९१ मीटरच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. आमच्या ठेल्यावाल्या भाऊंशी भांडण न करता बोललो, ते कोपऱ्यापलीकडे सरकले. पोहेवाल्याला मात्र हलवायला कोणीच तयार नाही, मीही नाही. तो फुटपाथवर नाही, त्याची बाकं असतात. बाकं आत घेतली, विषय मिटला.

झेब्रा रंगवून काय उपयोग? कोणी थांबतच नाही.

सिग्नल नसलेल्या झेब्रावर पायी चालणाऱ्याचा हक्क पहिला, असा नियम आहे. थांबत कोणी नाही, हेही खरं. तरी पट्टे हवेत, कारण ते पोरांना एका जागी आणतात. पन्नास पोरांनी पन्नास ठिकाणांहून ओलांडण्यापेक्षा एका ठिकाणाहून घोळक्याने ओलांडलं तर गाडीवाल्याला थांबण्यावाचून इलाज राहत नाही. आमच्याकडे निवृत्त शेजारी काका शिट्टी आणि लाल रुमाल घेऊन वीस मिनिटं उभे राहतात. जनआक्रोश या नागपूरच्या संस्थेची निवृत्त मंडळी चौकाचौकांत फलक घेऊन उभी राहतात, त्यांना पाहून काकांना सुचलं.

वाहतूक पोलीस रोज उभा करता येणार नाही का?

शहरात शाळा किती, पोलीस किती, करा हिशेब. शाळा उघडल्यावर पहिले पंधरा दिवस मागा, मिळतो.

आम्ही शाळेशेजारी राहतो. रोज आमच्या गेटसमोर गाडी लावून लोक गायब होतात. आमचं कोण ऐकणार?

तुमची बाजू रास्त आहे आणि पालकसभेत ती कधीच येत नाही, कारण तुम्हाला बोलावलेलंच नसतं. आमच्या इथल्या एका आजोबांना डायलिसिसला जायचं असतं, आठवड्यातून तीनदा, नेमकं शाळा सुटायच्या वेळी. हे कळल्यावर ज्या पालकांना तीन वर्षं फलक लावून कळत नव्हतं, त्यांनी दुसऱ्या दिवशी ते गेट मोकळं सोडलं.

फुटपाथवर, क्रॉसिंगजवळ, शाळेच्या किंवा दवाखान्याच्या फाटकाशी आणि कोणाच्या घराच्या वाटेत गाडी लावायला वाहन चालवण्याच्या नियमांनीच मनाई आहे, वेगळा फलक लागत नाही. महाट्रॅफिक ॲपवर फोटोसह तक्रार करता येते. फोटोत नंबर प्लेट घ्या, पोरांचे चेहरे नको. शाळेभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात मोडतो, तेव्हा हॉर्नची तक्रारही करता येते. चालेल किती, ते सोडा.

शाळा म्हणते, फाटकाबाहेरचं आमच्याकडे नाही.

आहे. महाराष्ट्राच्या २०११ च्या स्कूलबस नियमांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी, अध्यक्ष मुख्याध्यापक. तीत पालक, वाहतूक पोलीस आणि आरटीओचे प्रतिनिधी असतात. पुढच्या पालकसभेत नुसतं विचारा, “समितीची शेवटची बैठक कधी झाली, मॅडम?” आवाज न चढवता. २०१२ मध्ये नागपुरातच शाळेच्या बसखाली एका विद्यार्थ्याचा जीव गेला आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. त्यामुळे या शहरात तरी शाळांना “आम्हाला माहीत नव्हतं” म्हणता येत नाही.

शाळेला खर्चाशिवाय करता येण्यासारखं बरंच आहे. मागचं फाटक उघडायचं. केजी ते चौथी आणि पाचवीपुढचे वर्ग वीस मिनिटांच्या फरकाने सोडायचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं सांगितलं, तेव्हा काही ठिकाणी ही विभागणी आपोआप झाली. काही ठिकाणी मात्र छोट्यांची शाळा ऑफिसच्या गर्दीत येऊन पडली. पोरांना फाटकाबाहेर न सोडता मैदानात रांगेत ठेवायचं, हा सगळ्यात गुणी उपाय. आमच्या शाळेचं मागचं फाटक “चावी शिपायाकडे आहे” या कारणाने दीड वर्ष बंद होतं.

शाळा भरताना-सुटताना अर्धा तास रस्ताच बंद करता येतो का?

येतो. आणि हा मार्ग फार थोड्यांना माहीत आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली वाहनांवर बंधन घालता येतं आणि ते एक महिन्यापेक्षा जास्त नसेल तर राजपत्रात छापायची गरज नसते, स्थानिक पातळीवर माहिती दिली की पुरते. म्हणून कायमची बंदी मागू नका, एका महिन्याची चाचणी मागा. कायमच्या मागणीवर सगळे घाबरतात, दुकानदार तर आधी. महिन्याभराला कोणी फारसं आडवं येत नाही, आणि महिन्यानंतर तुमच्या हातात नोंदी असतात.

आम्ही पूर्ण बंदी नाही, एकेरी वाहतूक मागितली. पहिले चार दिवस शिव्या खाल्ल्या. पाचव्या दिवशी एक पालक म्हणाले, “राजेहो, हे आधी का नाही केलं?” तेच गृहस्थ चार दिवस उलट्या दिशेने येत होते.

ऑटो आणि व्हॅनमध्ये पोरं कोंबतात, त्याचं काय?

ऑटोवाल्या काकांना दोष देण्याआधी आपण महिन्याला किती देतो ते आठवा. कमी पैशांत लांबून आणायचं म्हटलं की पुढच्या सीटवर दोन पोरं बसतातच. आमच्या गल्लीतल्या पाच घरांनी मिळून थोडे पैसे वाढवले आणि पोरांची संख्या ठरवून घेतली, लेखी नाही, तोंडीच. टिकलंय.

बसबाबत बघायच्या गोष्टी साध्या आहेत: पिवळा रंग, वेगाला ४० ची मर्यादा घालणारं यंत्र, प्रथमोपचार पेटी, आग विझवायचं नळकांडं, दाराला नीट बसणारी कडी आणि पोरांना चढवणारा-उतरवणारा मदतनीस. मदतनीस नसेल तर बाकीचं सगळं असूनही धोका तसाच, कारण उतरलेलं पोर बसच्या पुढून पळतं आणि चालकाला ते दिसत नाही. पोराला एकच शिकवा: बस निघून जाईपर्यंत हलायचं नाही.

नववी-दहावीतली पोट्टी गाडीवर शाळेत येतात. शाळा फाटकात घेत नाही, तर बाहेर लावतात.

पानठेल्यामागे, हो. शाळेने “आवारात बंदी” केली आणि प्रश्न शंभर मीटर लांब ढकलला. शिकवणीच्या वेळी तर कोणी विचारतही नाही.

कायदा कडक आहे आणि तो पोरावर नाही, बापावर आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम १९९ अ: पालक किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि पोराला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स नाही. हे शेवटचं कलम पोरांना सांगा. कैदेला घाबरत नाहीत, पंचविशीपर्यंत गाडी नाही म्हटलं की चेहरा पडतो. बिनालायसन्सची विजेवरची गाडी चालते असं कोणी म्हटलं तर ती सवलत फक्त ताशी २५ च्या आतल्या आणि २५० वॉटपर्यंतच्या गाड्यांना आहे. पस्तीस-चाळीसने पळणारी ‘बिनालायसन्स’ गाडी ही थाप आहे.

लहान मुलांना हेल्मेट लागतं?

चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, मागे बसलेल्यालाही. त्याहून लहान पोराला २०२२ च्या नियमानुसार त्याच्या मापाचं हेल्मेट आणि चालकाशी बांधणारा पट्टा, आणि वेग ४० च्या आत. पुढे उभं केलेलं पोर म्हणजे आपली एअरबॅग झाली, असं एका डॉक्टर पालकांनी सभेत सांगितलं. सभेत शांतता पसरली. दुसऱ्या दिवशी निम्मी पोरं तरीही पुढेच उभी होती.

मूल कितव्या वर्षी एकटं रस्ता ओलांडू शकतं?

नऊ-दहा वर्षांपर्यंत बहुतेक मुलांना येणाऱ्या गाडीचा वेग नीट जोखता येत नाही. त्यांना गाडी किती लांब आहे ते कळतं, किती जोरात येतेय ते कळत नाही. म्हणून “नीट बघून जा” ही सूचना सहा वर्षांच्या पोराला निरुपयोगी आहे. ते बघतं, नीट बघतं, आणि निघतं. हात धरा. पाचवीनंतर तुम्ही दहा पावलं मागून चालत महिनाभर सोबत जा.

नागपूरच्या हवामानाचा काही संबंध?

आहे. डिसेंबर-जानेवारीत सूर्य उगवायला पावणेसात होऊन जातात. सातच्या बसला निघालेलं पोर गडद निळ्या स्वेटरमध्ये अंधुक उजेडात उभं असतं. दप्तराला चमकणारी पट्टी शिवून घ्या, शिंपी एका चहाच्या पैशांत शिवतो. उन्हाळ्यात गेली काही वर्षं दुपारी काही सिग्नल बंद ठेवतात, उन्हात लोकांना उभं राहावं लागू नये म्हणून. हेतू चांगला, पण सकाळची शाळा सुटते तेव्हा त्या चौकात पायी चालणाऱ्याला कोणीच वाली नसतो. तुमच्या चौकाची वेळ वाहतूक पोलिसांना विचारून घ्या. जूनच्या शेवटी शाळा उघडतात तेव्हा पाऊस असतो, रेनकोटच्या टोपीने पोराला बाजूचं दिसत नाही. छत्रीने तर अजिबात नाही.

आरएसपीची (शाळेतल्या रोड सेफ्टी पेट्रोलची) मुलं वाहतूक सांभाळायला उभी करावीत का?

फुटपाथवर, रांग सांभाळायला, जरूर. गाड्या थांबवायला नाही. गणवेश कितीही कडक इस्त्रीचा असला तरी ते चौदा वर्षांचं पोर आहे.

अपघात झालाच तर?

१०८ किंवा ११२. मान हलवू नका, पाणी पाजू नका. मदत करणाऱ्याला पोलीस किंवा दवाखाना अडकवून ठेवू शकत नाही, कलम १३४ अ त्यासाठीच आहे. नाव सांगायची सक्तीही नाही. मे २०२५ पासून रस्ते अपघातातल्या जखमींना सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे रोकडविरहित उपचार मिळण्याची योजना आहे, दवाखान्यात तिच्याबद्दल विचारा. आणि पोलिसात नोंद कराच, थोडक्यात निभावलं तरी. नोंद नसेल तर त्या जागी कागदावर काहीच झालेलं नसतं.

चार वर्षांत तुमच्या रस्त्यावर काय बदललं?

झेब्रा दोनदा रंगवला गेला, एकदा पुसलाही गेला. मागचं फाटक उघडलं. एकेरी वाहतूक शाळेच्या वेळेत सुरू आहे. मेडिकल स्टोअरसमोर उंचावलेलं क्रॉसिंग मंजूर आहे, काम व्हायचंय. फाटकाच्या दोन्ही बाजूंना आता रंगवलेल्या कुंड्या आहेत, त्यामुळे गाड्या लागत नाहीत. एक कुंडी चोरीला गेली. डीपी अजून तिथेच आहे. महावितरण म्हणतं जागा मनपाने द्यावी, मनपा म्हणते प्रस्ताव महावितरणने पाठवावा. पुढचा माहितीचा अधिकार त्याचाच टाकलाय.